एक फैर, दोन जखमा: वर्धा रोडवरच्या पाठलागातील रिगर, व्हॅन आणि ड्रोन

प्रस्तुत प्रकरण शॅडोरन या, टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या भूमिकाभिनयाच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतील एका टर्नचे, म्हणजे खेळातल्या काळानुसार केवळ तीन सेकंदांचे आहे. या तीन सेकंदांत मोटरसायकलवरून एका व्हॅनवर गोळ्यांची एक फैर झाडली गेली, व्हॅनसोबत उडणाऱ्या ड्रोनने उलट गोळीबार केला आणि व्हॅन चालवणारी रिगर शुद्धीवर राहिली की बेशुद्ध झाली, यावर टेबलाभोवती बसलेल्या सर्वांची पुढची सगळी गोष्ट अवलंबून राहिली. रूलबुकात या प्रत्येक कृतीसाठी नियम आहे. अडचण अशी होती की एकच व्यक्ती दोन नियमांत एकाच वेळी बसत होती आणि त्या दोन नियमांनी एकमेकांकडे पाहिलेलेच नव्हते.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी आवश्यक तेवढेच सांगतो. शॅडोरन १९८९ साली फासा या कंपनीने अमेरिकेत प्रसिद्ध केला आणि त्याची पाचवी आवृत्ती कॅटलिस्ट गेम लॅब्जने २०१३ मध्ये आणली. जादू परत आलेली आहे, महाकाय कंपन्यांचे राज्य आहे आणि माणसे शरीरात यंत्रे बसवून घेतात, असे हे भविष्यातले जग असून त्याचे मुख्य शहर सिएटल आहे. कोणतीही कृती करताना गुण आणि कौशल्य यांच्या बेरजेइतके सहा बाजूंचे फासे टाकायचे. ज्या फाशांवर ५ किंवा ६ पडते ते ‘हिट’. हल्ला करणाऱ्याचे हिट बचाव करणाऱ्यापेक्षा जितके जास्त, तितके हत्याराच्या मूळ नुकसानात वाढवायचे. मग ज्याला गोळी लागली त्याने शरीर आणि आर्मर यांचे फासे टाकून ते नुकसान कमी करायचे. रिगर म्हणजे मेंदूत ‘कंट्रोल रिग’ बसवून घेतलेला चालक, जो वाहनाला नुसता चालवत नाही, तर त्यात ‘उतरतो’: वाहनाचे सेन्सर हे त्याचे डोळे होतात, चाके हे पाय होतात आणि त्याचे स्वतःचे शरीर आसनावर निपचित पडून राहते.

नागपुरातल्या लक्ष्मीनगरमध्ये दर पंधरवड्याला बसणाऱ्या आमच्या गटाने सिएटल सोडून हे कथानक आपल्याच शहरात आणले आहे. गेममास्टर, म्हणजे कथा मांडणारा आणि नियमांचा निवाडा करणारा, म्हणून पाठलागासाठी मी वर्धा रोडचा दुमजली पूल निवडला, कारण पाठलागाची अशी जागा कोणत्याही रूलबुकाच्या नकाशात मला सापडलेली नाही. खाली मूळ महामार्ग, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रोचा मार्ग, ३.१४ किलोमीटर लांबीच्या या बांधकामाची २०२२ च्या डिसेंबरमध्ये गिनीजने नोंद घेतली. छत्रपती चौक, जयप्रकाश नगर आणि उज्ज्वल नगर ही तीन स्थानके याच पट्ट्यात येतात. व्हॅनला मिहानच्या दिशेने निसटायचे होते. माझ्या नकाशात पुलावर चढण्या-उतरण्याचे उतार फक्त दोन टोकांना होते, त्यामुळे एकदा वर चढले की मधे कुठेही वळता येणार नव्हते.

तीन मजल्यांचा रस्ता

पहिला प्रश्न अंतराचा होता आणि तो लवकर सुटला, तरी पुढच्या निर्णयाची पद्धत त्यातच ठरली म्हणून त्याची नोंद करतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात २५ मीटर, म्हणजे तीन सेकंदांच्या एका टर्नमध्ये ७५ मीटर जाते. या हिशेबाने पूल पार करायला सुमारे ४२ टर्न लागतील. खेळातला अवधी दोन मिनिटांहून थोडा अधिक असला, तरी टेबलावर त्याला अख्ख्या रात्री लागतील, आणि प्रत्येक टर्नमध्ये प्रत्येक वाहन ७५ मीटर पुढे सरकवायचे तर नकाशाचा कागद हॉलभर पसरावा लागेल. पाचव्या आवृत्तीत पाठलागासाठी वेगळे नियम दिले आहेत ते यासाठीच. त्यांत मीटर मोजत नाहीत. वाहनांमधले अंतर जवळचे, मध्यम, दूरचे आणि अतिदूरचे अशा चार टप्प्यांत धरतात आणि चालकांच्या फाशांनुसार ते अंतर वाढते किंवा घटते. रस्ता मोकळा असेल तर फाशांवर वाहनाच्या गतीची मर्यादा लागू होते, गर्दीचा आणि अडथळ्यांचा असेल तर हाताळणीची.

आमच्या पुलाने या नियमाचे दोन तुकडे केले. मधल्या मजल्यावर, उड्डाणपुलावर, रस्ता मोकळा होता. तळमजल्यावर, महामार्गावर, सिग्नल, ऑटो आणि रस्ता ओलांडणारी माणसे होती. दोन मोटरसायकली व्हॅनच्या मागे पुलावर चढल्या होत्या आणि त्यांची एक जीप खालून समांतर धावत होती. जीप व्हॅनपासून काही मीटरवरच, पण खाली होती. त्या दोघींमध्ये पुलाची काँक्रीटची पाटी होती. पाठलागाचा टप्पा ‘जवळचा’ धरला तर जीपमधल्यांना व्हॅनवर गोळी झाडता आली असती, आणि ते उघडच चुकीचे होते.

मी असे ठरवले की पाठलागाचे टप्पे केवळ एकाच रस्त्यावर असलेल्या वाहनांना लागू होतील. जीप या पाठलागात नाही. ती खाली गर्दीच्या रस्त्यावर स्वतंत्रपणे आपले फासे टाकेल आणि पुलाच्या टोकाला व्हॅनच्या आधी पोहोचली का, एवढेच त्यातून कळेल. पुलाच्या कडेने बाहेरून उडणारा ड्रोन मात्र दोन्ही मजले पाहू शकत होता. त्याच्यासाठी पुलावरच्या वाहनांशी पाठलागाचे टप्पे आणि खालच्या जीपशी मीटरचे अंतर, अशी दुहेरी पद्धत मान्य केली. ती ओबडधोबड आहे हे खरे, परंतु टप्प्यांचा नियम ज्या कारणासाठी केला आहे ते कारण ड्रोन आणि जीप यांच्यात उरतच नव्हते. ड्रोन व्हॅनपासून १०० मीटरच्या आत असल्यामुळे अंतराचा ‘नॉईज’, म्हणजे बिनतारी संपर्कातला व्यत्यय, शून्य होता. रिगरचा ड्रोनशी असलेला संपर्क पुरता स्वच्छ धरला.

फैर

आता मुख्य प्रसंग. दुसऱ्या मोटरसायकलच्या मागच्या आसनावरील माणसाने एके-९७ रायफलने व्हॅनवर सहा गोळ्यांची पूर्ण स्वयंचलित फैर झाडली. या रायफलचे मूळ नुकसान १० असून ती समोरच्या आर्मरमधून २ वजा करते. सहा गोळ्यांच्या फैरीमुळे बचाव करणाऱ्याचे ५ फासे कमी होतात. हल्ल्यात ४ हिट पडले. व्हॅन चालवणाऱ्या रिगरने वाहनासाठी बचावाचे फासे टाकले. त्यांत १ हिट आला. म्हणजे निव्वळ ३, आणि व्हॅनवर येणारे नुकसान १३.

व्हॅन होती जीएमसी बुलडॉग: शरीर १६, आर्मर १२. रायफलने २ वजा केल्यावर आर्मर १० उरले. पाचव्या आवृत्तीत आलेले नुकसान आर्मरपेक्षा कमी असेल तर माणसाचे नुकसान ‘स्टन’ होते, म्हणजे शरीराला भोक न पडता मुका मार लागतो. यंत्राला मुका मार लागत नाही, म्हणून वाहनाचे अशा वेळी काहीच होत नाही. येथे १३ हा आकडा १० पेक्षा मोठा असल्यामुळे गोळ्या पत्र्यात शिरल्या. इथपर्यंत कोणाचाही आक्षेप नव्हता.

रूलबुकानुसार वाहनावर हल्ला करणाऱ्याने वाहन की आतली माणसे हे निवडायचे असते. परंतु धडक, पूर्ण स्वयंचलित फैर आणि स्फोटासारखे पसरणारे हल्ले हे वाहनाला आणि आतल्या माणसांना, दोघांनाही लागतात. व्हॅनमध्ये मागे एक साथीदार होता. समोरच्या आसनावर होते खुद्द रिगरचे शरीर. आणि रिगर व्हॅनमध्ये उतरलेली होती, म्हणून व्हॅनला जेवढी इजा होईल तिची अर्धी, वर पूर्णांकात धरून, बायोफीडबॅकच्या रूपाने तिच्या मज्जासंस्थेवर येणार होती.

याच ठिकाणी रिगर खेळवणाऱ्या ताईंनी हातातले फासे खाली ठेवले आणि विचारले, “दादा, मी गाडीत बसली आहो का मीच गाडी आहो, ते आधी सांगा न.”

मला हा प्रश्न त्या संध्याकाळचा सर्वांत नेमका प्रश्न वाटला. मी सर्वांना तेथेच थांबवले. नुकसान कमी करण्याचे फासे अजून कोणी टाकलेले नव्हते आणि ते टाकण्यापूर्वीच निर्णय व्हावा, असा माझा आग्रह होता. आकडे डोळ्यांसमोर आल्यावर केलेली नियमाची फोड ही कितीही प्रामाणिक असली तरी ती कोणाच्या तरी बाजूने झुकलेली दिसते, आणि पुढे कधीतरी शत्रूच्या रिगरला तीच फोड लावावी लागते तेव्हा तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

तीन वाचने

टेबलावर तीन वाचने मांडली गेली. तिन्हींना रूलबुकाचा काही ना काही आधार होता.

पहिले वाचन बंदूकधारी खेळवणाऱ्या मित्राचे. त्याचे म्हणणे असे की रिगरचे शरीर निपचित पडलेले आहे, ते हलू शकत नाही, आणि जो बचाव करू शकत नाही त्याला बचावाचे फासे मिळत नाहीत हा या खेळाचा साधा नियम आहे. मग हल्लेखोराचे चारही हिट शरीरावर लागू होतील: १० अधिक ४, म्हणजे १४. त्यावर ताईंचा प्रतिवाद असा होता की वाहनातल्या माणसाला भक्कम आडोशाचे ४ फासे मिळतात आणि आडोसा देणारे दार काही माणूस जागा आहे का हे विचारत नाही. हा प्रतिवाद मला वजनदार वाटला, तरी त्यात एक अडचण होती: आडोशाचे फासे बचावाच्या फाशांत मिळवायचे असतात आणि येथे मिळवायला मूळ फासेच नव्हते.

दुसरे वाचन असे की शरीर व्हॅनसोबत हलते. रिगरने व्हॅनला झोकांडी देऊन जो एक हिट मिळवला, त्या झोकांडीने आसनावरचे शरीरही तेवढेच बाजूला गेले. म्हणून शरीरावर येणारे नुकसानही १३ च.

तिसरे वाचन मागच्या साथीदाराच्या खेळाडूने, थोड्या दयेने, मांडले: रिगर एकच व्यक्ती आहे, तेव्हा एका फैरीने तिला दोनदा इजा होऊ नये. बायोफीडबॅक आणि गोळी यांपैकी जे अधिक तेवढेच धरावे.

मी या तिन्हींना एकच कसोटी लावली आणि या प्रकरणात मला जे सांगायचे आहे ते हेच: नियमांची बेरीज करताना प्रत्येक कारण एकदाच मोजावे, दोनदाही नाही आणि शून्य वेळाही नाही. खेळातला प्रत्येक फासा कथेतल्या कोणत्या तरी घटनेच्या जागी टाकला जातो. झोकांडीच्या जागी बचावाचे फासे असतात, पत्र्याच्या जागी आर्मरचे, मज्जातंतूंच्या सहनशक्तीच्या जागी बायोफीडबॅक झेलण्याचे. दोन नियम एकमेकांवर चढले की विचारायचे ते हे, की कोणती घटना दोनदा मोजली जात आहे आणि कोणती गळते आहे.

पहिल्या वाचनात झोकांडी गळते. व्हॅन बाजूला झाली हे व्हॅनच्या हिशेबात धरले, पण तिच्याच आत पट्ट्याने बांधलेले शरीर जणू जागच्या जागी हवेत तरंगत राहिले असे मानले. शिवाय बचाव न मिळण्याचा नियम हल्ल्याची जाणीव नसलेल्यांसाठी आहे. येथे रिगरला हल्ल्याची जाणीव तर होतीच, वर त्यावर तिने कृतीही केली होती. फक्त ती कृती तिने हातापायांऐवजी चाकांनी केली.

तिसऱ्या वाचनात एक घटना गळते. गोळी मांसात शिरणे आणि व्हॅनची वेदना मेंदूत शिरणे या कथेतल्या दोन वेगळ्या घटना आहेत, त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत, त्यांना अडवणाऱ्या गोष्टीही वेगळ्या आहेत: एकीला शरीर आणि आर्मर, दुसरीला इच्छाशक्ती आणि वाहने व ड्रोन चालवण्याच्या कन्सोलची फायरवॉल. रिगर घरी गादीवर पडून दूरवरच्या व्हॅनमध्ये उतरली असती तर तिला फक्त दुसरी इजा झाली असती. ती व्हॅनच्या आत स्वतः बसली आहे ही जोखीम तिने पत्करलेली आहे आणि त्या जोखमीची किंमत शून्य धरली तर दुरून चालवण्याला काही अर्थच उरत नाही. म्हणून दोन्ही इजा होतील.

निर्णय दुसऱ्या वाचनाच्या बाजूने दिला. एका फैरीसाठी हल्लेखोर एकदाच फासे टाकेल. व्हॅनचा बचाव आतल्या सर्वांना लागू होईल. शुद्धीवर असलेला आणि हलू शकणारा प्रवासी स्वतःच्या बचावाचे फासेही टाकू शकेल, त्यात वाहनातल्या अडचणीचे २ आणि फैरीचे ५ वजा, आडोशाचे ४ अधिक. मात्र त्याने व्हॅनचा आणि स्वतःचा यांपैकी चांगला निकाल घ्यायचा, दोन्हींची बेरीज करायची नाही. वाहनात उतरलेल्या रिगरच्या शरीराला केवळ व्हॅनचा निकाल मिळेल.

पत्र्याविषयी एक उपप्रश्न निघाला आणि तो मला मूळ प्रश्नाइतकाच मोलाचा वाटतो. समजा फैरीचे नुकसान ८ च असते, तर व्हॅनच्या १० आर्मरपुढे ते निष्फळ ठरले असते. मग आतल्या माणसांनी फासे टाकायचे की नाही? पत्रा भेदलाच गेला नाही तर गोळी आत कशी पोहोचेल, हा युक्तिवाद सहज पटणारा आहे. पण वाहनातल्या प्रवाशाला वाहनाचे पूर्ण आर्मर स्वतःच्या आर्मरमध्ये मिळवून मिळतच असते. त्याला आधी पत्र्याने पूर्ण वाचवायचे आणि मग, पत्रा भेदला गेला तरी, त्याच पत्र्याचे फासे पुन्हा द्यायचे, हे एक कारण दोनदा मोजणे झाले. खिडक्या आहेत, दारांच्या फटी आहेत. नुकसान ८ असले तरी प्रवासी फासे टाकेल, आणि वाहनाचे आर्मर मिळवल्यामुळे बहुतेक वेळा त्याचे काही बिघडणार नाही.

आकडे काय सांगतात

निर्णयानंतर फासे टाकले गेले. व्हॅनने शरीराचे १६ आणि आर्मरचे १०, असे २६ फासे टाकले. ९ हिट पडले, ४ नुकसान उरले. बुलडॉगची सहनशक्ती १२ अधिक शरीराचे अर्धे, म्हणजे २० चौकटींची (नुकसानाच्या प्रत्येक अंकाला एक चौकट भरते) असल्यामुळे व्हॅनला हे ओरखड्यासारखे होते. मागच्या साथीदाराने स्वतःच्या बचावात २ हिट मिळवले, त्याच्यावरचे नुकसान १२ वर आले. अंगातले आर्मर जॅकेट १२, व्हॅनचे १२, रायफलने वजा केलेले २ आणि शरीर ४ मिळून त्याचे २६ फासे झाले, ८ हिट पडले, आणि ४ स्टन घेऊन तो बचावला.

रिगरचे शरीर ३, आर्मर तेच. २५ फाशांत ८ हिट. तेरातून आठ गेले, पाच उरले. नुकसान २२ च्या आर्मरपेक्षा कमी असल्याने तेही स्टन. व्हॅनच्या ४ नुकसानाचे अर्धे, म्हणजे २ बायोफीडबॅक. ती ‘कोल्ड सिम’मध्ये, म्हणजे यंत्राशी जोडले जाण्याच्या सौम्य, सुरक्षित पद्धतीत, असल्यामुळे हेसुद्धा स्टनच, आणि त्यांपैकी १ तिने परतवले. आधीच्या एका मंत्राच्या माऱ्याने तिच्या ३ स्टन चौकटी भरलेल्या होत्या. तीन, पाच आणि एक: ९. तिच्या इच्छाशक्तीनुसार तिच्याकडे एकूण १० चौकटी होत्या.

पहिले वाचन स्वीकारले असते तर शरीरावर १४ आले असते, त्याच फाशांनी ६ उरले असते, बेरीज नेमकी १० झाली असती आणि रिगर बेशुद्ध पडली असती. मग व्हॅन तिच्या स्वतःच्या ऑटोपायलटच्या हाती गेली असती, ज्याची पातळी बुलडॉगमध्ये १ आहे; ताशी नव्वदच्या वेगाने, कोठेही उतार नसलेल्या पुलावर, मागे दोन मोटरसायकली असताना. तिसऱ्या वाचनाने ती ८ वर थांबली असती. दर तीन चौकटींमागे एक फासा कमी होतो, त्यामुळे ८ आणि ९ यांतला फरकही लहान नव्हता: ९ वर तिला प्रत्येक कृतीत ३ फासे गमवावे लागले, ८ वर २ गमवावे लागले असते. निर्णय आधी झाला नसता तर या तीन आकड्यांपुढे बसून कोणाही गेममास्टरला तो निर्भेळपणे घेणे जड गेले असते.

ड्रोन कोणाचा हात

याच टर्नमध्ये ड्रोनचा प्रश्न आला आणि तेथे ताईंशी माझा मतभेद अखेरपर्यंत राहिला. व्हॅनसोबत एमसीटी-निस्सान रोटो-ड्रोन होता: शरीर ४, आर्मर ४, पायलट (म्हणजे त्याची स्वतःची बुद्धी) ३, सहनशक्ती ६ अधिक २, म्हणजे ८ चौकटी. त्यावर बंदूक बसवलेली होती आणि तिच्यासाठी ३ पातळीचा टार्गेटिंग ऑटोसॉफ्ट, म्हणजे ड्रोनला नेमबाजी शिकवणारा प्रोग्रॅम, होता. स्वतःच्या बुद्धीने तो पायलट आणि ऑटोसॉफ्ट मिळून ६ फाशांनी गोळी झाडतो. ताईंची रिगर दूरनियंत्रणाने तीच बंदूक चालवते तेव्हा तिचे गनरी (वाहनावरची बंदूक चालवण्याचे कौशल्य) आणि तर्कशक्ती मिळून १० फासे होतात. ३ गमावल्यावरही ७.

स्वतःच्या बुद्धीने चालणाऱ्या ड्रोनचा इनिशिएटिव्ह, म्हणजे टर्नमध्ये कोण आधी कृती करणार हे ठरवणारा आकडा, पायलटच्या दुप्पट अधिक चार फासे असतो. त्याचा आकडा २० आला, रिगरचा १९. रिगरच्या पहिल्या कृतीचा मोठा भाग गाडी हाकण्यात गेला, कारण वाहनावर प्रत्येक टर्नमध्ये किमान एक पूर्ण कृती खर्च करावीच लागते. प्रत्येक फेरीनंतर या आकड्यातून १० वजा होतात; दुसऱ्या फेरीत, म्हणजे ड्रोन १० वर आणि रिगर ९ वर असताना, ताईंनी असे सांगितले की ड्रोन १० वर स्वतःच्या बुद्धीने गोळी झाडेल आणि लगेच ९ वर मी दूरनियंत्रणाने त्याच बंदुकीने दुसरी झाडेन. एका कर्त्याने एका कृतीत एकच हल्ला करावा हा नियम त्यांनी मोडला नव्हता. कर्ते दोन होते, हल्ले दोन होते. बंदूक तेवढी एक होती.

त्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. दोन माणसे एकच पिस्तूल हातोहात देऊन एकाच फेरीत दोनदा झाडू शकतात, मग हे का नको, असे त्यांनी विचारले. माझे उत्तर असे की पिस्तूल हातोहात द्यायला त्या माणसांना कृती खर्च करावी लागते आणि घ्यायलाही लागते. येथे ड्रोनच्या बुद्धीकडून रिगरच्या हाती नियंत्रण फुकट येते आहे, आणि ड्रोन जाग्यावर स्थिर राहणे, नेम धरणे, धक्का सोसणे ही ज्या यंत्राची कामे आहेत ते यंत्र एकच आहे. त्याची एका फेरीतली क्षमता ड्रोनच्या नावावर एकदा आणि रिगरच्या नावावर पुन्हा मोजणे मला मान्य झाले नाही. म्हणून असे ठरले की ज्या फेरीत रिगर ड्रोनला दूरनियंत्रणाने चालवते त्या फेरीत ड्रोनची स्वतःची बुद्धी गप्प राहील. ड्रोनने आधीच कृती केली असेल तर रिगरला त्या फेरीत फक्त आज्ञा बदलता येईल, आणि ती साध्या कृतीत होते. ताईंच्या मते मी रिगरचा एक न्याय्य फायदा काढून घेतला. या खेळात रिगर होण्यासाठी कन्सोल, ड्रोन आणि कंट्रोल रिग यांवर जो प्रचंड पैसा ओतावा लागतो तो पाहता त्यांची तक्रार मी हलकी मानत नाही.

त्यांनी मग ड्रोनला गप्प ठेवून स्वतः ७ फाशांनी बंदूक चालवण्याऐवजी ड्रोनलाच ६ फाशांनी चालू दिले आणि आपली दुसरी कृती व्हॅन मोटरसायकलींपासून तोडण्यासाठी वापरली. ड्रोनला दिलेली आज्ञा होती ‘मागच्या गाड्या थांबव’. ड्रोनच्या बुद्धीला चाक आणि चालक यांतला आपल्याला अभिप्रेत असलेला फरक कळतो असे मी धरले नाही. ज्या वाहनावर आज्ञा त्या वाहनावर साधा हल्ला, एखाद्या भागाचा नेम नाही. तीन हिट पडले, पुढची मोटरसायकल घसरून कठड्याला लागली, आणि जी मागे होती, जिच्यावरून फैर झाडली गेली होती, ती उज्ज्वल नगर स्थानकाच्या सावलीत अजून दूरच्या टप्प्यावर होती.

गटाच्या वहीत या टर्नचे तीन निर्णय कारणांसह लिहिले आहेत. ड्रोनविषयीच्या तिसऱ्या निर्णयापुढे ताईंच्या आग्रहाने एक अट जोडली आहे: ज्या ड्रोनवर दोन स्वतंत्र बंदुका बसवलेल्या असतील तेथे एक ड्रोनने आणि दुसरी रिगरने एकाच फेरीत चालवता येईल का, हे तसा ड्रोन विकत घेतला जाईल तेव्हा, पण फासे टाकण्याआधी, ठरवायचे.